तोंडपाठ

नमस्कार मंडळी. परवाचीच गोष्ट सांगते. माझा नातू दुसरीत आहे, इंग्लिश मिडियमला, माझ्याबरोबर भाजी आणायला आला होता. मावशी म्हणाल्या अडुसष्ट झाले, आणि हा माझ्या तोंडाकडे बघतोय, आजी, अडुसष्ट म्हणजे किती गं? मी म्हटलं सिक्स्टी एट, तेव्हा कुठे त्याने पैसे मोजले.

आता यात पोराची काय चूक. आपले मराठी आकडे आहेतच तसले. अडुसष्ट म्हणताना आठ आधी ऐकू येतो, साठ नंतर, आणि लिहायचा मात्र सहा आधी. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल तुम्हाला. अडचण खरी होती हो, पण बाजारात अजून कुणी साठ आठ म्हणत नाही ना. आणि एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे पुढच्याला एक कमी, हे पार एकोणनव्वदपर्यंत नीट चालतं आणि 99 आला की अचानक नव्याण्णव! नातवाने विचारलं, एकोणशंभर का नाही? मी म्हटलं बाबा, ते पाठ कर आणि मोकळा हो.

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झालं की लगेच पर्वचा असायची. वार, महिने, तिथी, नक्षत्रं, मग पाढे, आणि आजोबा तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा म्हणायचे. औटकी म्हणजे साडेतीनपट. साठ रुपये किलोवाली वस्तू साडेतीन किलो घेतली तर दुकानदाराने कागद काढायच्या आत आजोबांचं दोनशे दहा तयार. त्यांच्या काळी रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे, सगळा व्यवहार पाव-अर्धा-पाऊण असा, त्यामुळे ते लागायचंच. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले आणि औटकीची गरजच संपली. त्याचं मला फार दुःख नाही, जे लागत नाही ते कशाला डोक्यात भरा.

पण साधे पाढे लागतात. हल्ली पालक म्हणतात, समजून घेऊ दे, घोकंपट्टी नको. अहो, समजून घेऊ देच, सात गुणिले आठ म्हणजे आठ-आठचे सात ढीग हे चिंचोक्यांनी दाखवा की, पण एकदा समजल्यावर दर वेळी ढीग मांडत बसायचे का? शाब्दिक गणित वाचताना एका वेळी डोक्यात मावतं थोडंच, त्यात गुणाकारच करत बसला तर गणितात काय विचारलंय तेच विसरतो.

चूक होते ती म्हणवून घेण्याच्या पद्धतीत. मुलं सात एके सात पासून रेल्वेसारखी सुटतात, मधलं विचारलं की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. म्हणून मधूनच विचारा, उलटं विचारा, छप्पन्न कुठे कुठे येतात विचारा. आज पाठ झालं तर उद्या विचारा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. एका रविवारी दोन तास बसवून काही होत नाही, रडारड तेवढी होते. रोजची दहा मिनिटं पुरे.

कवितांचं तर चाल बसली की अर्धं काम झालं. मनाचे श्लोक 205 आहेत, पण सगळे भुजंगप्रयात या एकाच वृत्तात, एकाची लय जिभेवर आली की पुढचे आपोआप ओढले जातात, शब्द चुकला तर लयच अडखळते आणि मुलाला स्वतःलाच कळतं. अर्थ सगळा लगेच कळणार नाही. मला काही ओळींचा अर्थ चाळिशीत कळला, तोवर त्या नुसत्या पडून होत्या. फक्त पाहुण्यांसमोर उभं करून म्हणायला लावू नका हं, त्याने पोरं कायमची वैतागतात, आमच्या घरात झालंय ते.

मी काय करते, मुद्दाम चुकते. काल पोळ्या लाटताना मोठ्याने म्हटलं, सात आठे चोपन्न. आतल्या खोलीतून ओरडला, छप्पन्न गं आजी! टीव्ही चालूच होता.