सूर्य उगवला का तिकडं?

(पहाट. शाळेचं पटांगण, कडुलिंब, मागं उघडा माळ.)

जानेवारी महिना आहे, सात वाजून गेलेत आणि सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात सहावीची अकरा पोरं पूर्वेकडं तोंड करून उभी आहेत. शाळा भरायला अजून बराच वेळ आहे, कुणी बोलावलं नव्हतं, बाई फक्त म्हणालेल्या की ज्याला जमंल त्यानं यावं, तर सगळीच आली. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, एकाच्या हातात वही, एकीच्या हातात बाईंचा मोबाईल. माळाच्या कडेला लालसर रेघ वर आली की ती ओरडते, "दिसला!" आणि वहीत लिहिलं जातं, ७ वाजून ६ मिनिटं.

तेवढ्यात मोबाईलवर व्हॉइस मेसेज वाजतो. एका मुलीचे वडील हैदराबादवरनं बोलतायत. "बाळा, आमच्यात ६ एकोणपन्नासलाच दिसला बघ. दुकानाच्या वर गच्चीवर उभा होतो मी."

सतरा मिनिटं आधी. पोरांनी आदल्या दिवशी हिशोब करून सोळा काढली होती.

(विट्याचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, बस स्टँड.)

ही पोरं कुणाची, ते आधी सांगायला पाहिजे. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा पट्टा दुष्काळी. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं पोटासाठी गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम, सराफाकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवून, ॲसिडमधे घालून शुद्ध करून द्यायचं. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात जावा, एखाद्या बोळात तुम्हाला आमच्याकडचा माणूस भेटणारच. पोरं मात्र बऱ्याचदा गावाकडं, आजी-आजोबांजवळ. माझे वडील पण गलाईवाले, मी याच शाळेत शिकलो, वडील दिसायचे ते दसऱ्याला, विट्याच्या पालख्यांच्या शर्यतीला आले की. वर्गातल्या भिंतीवर भारताचा नकाशा होता, त्यात वडील म्हणजे एक काळा ठिपका. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसायचो, तिथलं रंगकाम बोटानं उडालं होतं.

बाईंची नोकरी पंचवीस वर्षांच्या वर झालीय. एमएस-सीआयटी त्यांनी केव्हाच केलेली, सर्टिफिकेट फाईलला आहे, पण त्या कोर्समधे शिकलेलं वर्गात कुठं वापरायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. नंतर एक दिवसाचं एक ट्रेनिंग झालं, मोठा हॉल, मागच्या खुर्च्यांवरनं पडदासुद्धा दिसत नव्हता, सगळ्यांनी हजेरीची सही केली आणि घरी आले. बाईंना त्याचं वाईट वाटतं, त्या आजही म्हणतात की मला खरंच शिकायचं होतं ओ त्या दिवशी.

मग गावच्या गलाईवाल्यांनी वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही दिला. नारळ फोडला, फोटो निघाले. बाई रोज अर्धा तास टीव्ही लावायला लागल्या, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर व्हिडिओ येतो तो लावायचा, कधी यूट्यूबवरच्या कविता. पोरं एकदम गप्प बसायची. बाईंना वाटलं, जमलं. मग घटक चाचणी घेतली आणि पेपर तपासताना त्यांच्या लक्षात आलं की पोरं गप्प बसली होती एवढंच. व्हिडिओ चांगले होते, पण ते संपल्यावर पोरांनी काय करायचं ते बाईंनी ठरवलंच नव्हतं.

२००६ साली पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोघा अभ्यासकांनी शिक्षकाच्या ज्ञानाचे तीन भाग मांडले, एक विषयाचं ज्ञान, दुसरं पोरांना कसं शिकवायचं याचं, आणि तिसरं तंत्रज्ञानाचं, आणि त्यांचं म्हणणं असं की हे तिन्ही एकमेकांत मिसळतात तिथं खरं काम होतं. बाईंनी हे वाचलेलं नाही. पण पहिली दोन त्यांच्याकडं पक्की होती. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटातल्या, शाळा बघायला महाराष्ट्रभरचे शिक्षक जायचे त्या काळात बाई पण जाऊन आल्या, फरशीवर रंगवलेल्या चौकटी, बिया, खडे, टोपणं घेऊन पोरं स्वतः शिकतायत हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. राहिलं होतं ते तिसरं, आणि ते त्या शिकल्या विट्यात मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडं. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं विट्याला, दुकानात स्टूलवर बसून, गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढं.

(जवळून: शंभर पानी वही, पेन्सिलनं लिहिलेलं.)

ही त्यांची वही बघा. "टीव्ही सुरू. रिमोटवर बाणाचं बटन. मोबाईलवर वरनं खाली बोट ओढणे. कास्ट (मोबाईलवरचं टीव्हीवर दाखवणे). शाळेच्या टीव्हीचं नाव येईपर्यंत थांबणे." सगळं पेन्सिलनं आहे. मी विचारलं पेन्सिल का, तर म्हणाल्या, अपडेट आलं की बटनं हलतात, खोडून परत लिहायला बरं पडतं.

आणि रेंज. वर्गात रेंज नाही, ती कडुलिंबाखाली आहे. लाईटीचा पण भरवसा नाही. म्हणून जे लागणार ते बाई रात्री घरी डाउनलोड करून आणतात, नकाशासुद्धा.

तर त्या नकाशाचंच. सहावीच्या भूगोलात अक्षवृत्तं, रेखावृत्तं येतात. बाई वर्षानुवर्षं शिकवत होत्या, पोरं पाठ करत होती. एक दिवस त्यांनी टीव्हीवर मोबाईलमधला नकाशा उघडला आणि विचारलं, कुणाचे पप्पा कुठं आहेत? सगळा वर्ग उभा राहिला. हैदराबाद, कोलकाता, अमृतसर, मदुराई. नकाशात शहर दाबून धरलं की त्याचे अक्षांश रेखांश येतात. एका वडलांनी फोनवर सांगितलं, बाई, सोन्याचा धंदा आहे, दुकानाचं लोकेशन ग्रुपवर नको. बाईंनी त्याच दिवशी ठरवलं की फक्त शहर घ्यायचं, गल्ली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, ॲप कुठं थांबवायचं ते पण शिकावंच लागतं.

विटा साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तरच्या जवळ, आणि दोन्ही सतरा अक्षांशाच्या थोडं वर, म्हणजे विट्यापासनं पूर्वेला आडवी रेघ ओढली की हैदराबाद. मोजपट्टी लावली तर सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या थोडं वर. पृथ्वी चोवीस तासात ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. चार अंश, सोळा मिनिटं. हिशोब मांडला तसा एक पोरगा उठला, "पण बाई, पप्पांच्या मोबाईलमधे आणि आपल्या मोबाईलमधे वेळ तर एकच असती की!" मग भारताची प्रमाणवेळ जिच्यावरनं ठरते ती मिर्झापूरजवळनं जाणारी साडेब्याऐंशी रेखांशाची रेघ आली, सगळ्या देशाला एकच घड्याळ ते आलं, आणि खरं खोटं बघायचं म्हणून ती जानेवारीची सकाळ ठरली.

सगळं सरळ झालं असं नाही. कोलकात्याहून निरोप आला, सव्वासात. हिशोबानं तिथं सूर्य आपल्या आधी साधारण पंचावन्न मिनिटं यायला पाहिजे. विचारल्यावर कळलं समोर पाच मजली बिल्डिंग आहे. पोरं ती नोंद खोडायला निघाली, बाईंनी खोडू दिली नाही, शेजारी लिहायला लावलं, समोर बिल्डिंग.

आणि अमृतसर. अमृतसर जवळजवळ आपल्याच उभ्या रेघेवर आहे, म्हणून सगळ्यांनी अंदाज केला की सूर्य एकाच वेळी दिसणार. तिथं चार दिवस धुकंच होतं, पाचव्या दिवशी निरोप आला, ७ वाजून २८. बावीस मिनिटं उशिरा! रेघ तीच, मग उशीर का? बाईंना पटकन सांगता आलं नाही. त्या वर्गात म्हणाल्या, मला उद्यापर्यंत वेळ द्या. पोरांना ते वाक्य अजून आठवतं, मी विचारलं तेव्हा तिघांनी मला तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद होता. बाईंनी कपाटातनं पृथ्वीगोल काढला, पदरानं धूळ पुसली, दोन टिकल्या चिकटवल्या, विट्याला लाल, अमृतसरला हिरवी. खिडक्या लावल्या, बॅटरी एका पोराच्या हातात. गोलाचा वरचा भाग बॅटरीपासनं पलीकडं झुकलेला ठेवून हळूहळू फिरवला. लाल टिकली आधी उजेडात आली. हिरवी मागनं. कुणीच काही बोललं नाही, परत फिरवायला लावलं, परत लाल आधी. मग ज्याचे वडील अमृतसरला आहेत तो पोरगा उठला, गोल उचलला आणि बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला, झुकाव तसाच. आता वरचा भाग बॅटरीकडं झुकला होता. फिरवला. हिरवी आधी.

"म्हंजे बाई, उन्हाळ्यात आमच्या पप्पांकडं आधी उगवणार."

बाईंनी फळ्यावर लिहिलं, जून, आणि पुढं त्याचं नाव.

(जून. घराचं अंगण, अंधार सरत आलेला.)

आता तो सातवीत गेलाय, शाळा कालच सुरू झाली. अंगणात आजीशेजारी बसलाय, मांडीवर आजीचा मोबाईल. साडेपाच वाजलेत, माळावर अजून काळोखी आहे, कोंबडा ओरडून गेला. मोबाईल वाजतो. वडलांचा आवाज, मागं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न.

"उगवला रे बघ. आत्ताच. तिकडं?"

पोरगा मान वळवून माळाकडं बघतो. बटन दाबून धरतो.

"नाही अजून. अर्धा तास आहे, पप्पा. थांबा तुम्ही, फोन ठेवू नका."