शब्द जपणारी गायकी : एला फिट्झजेराल्ड आणि कोल पोर्टर

[दृश्य : फिरणारी तबकडी. सुई टेकते.]

थोडी खरखर. मग वाद्यवृंद. आणि मग हा आवाज.

१९५६ साली व्हर्व्ह ही कंपनी अगदी नवीकोरी होती. तिच्या या पहिल्यावहिल्या जोड-तबकडीवर बत्तीस गाणी आहेत आणि ती सगळी एकाच माणसाच्या नावावर आहेत. शब्द लिहिणारा तोच, चाली बांधणारा तोच : कोल पोर्टर. गाणारी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड.

ही गाणी जॅझसाठी लिहिलेली नव्हती. ती ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली, काही हॉलिवूडच्या चित्रपटांतली. नाटकाचे प्रयोग संपले, पडदे उतरले, कथानकं तर बहुतेकांच्या लक्षातही राहिली नाहीत. पदं मात्र मागे उरली. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नाट्यपदं मैफलीत येऊन स्वतंत्र झाली, आणि कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मांडले तेव्हा जुनं पद नव्या गळ्यातून कसं उभं राहतं ते आपण ऐकलं. एलाने पोर्टरच्या गाण्यांचं जे केलं, ते त्याच जातीचं काम आहे.

[दृश्य : न्यूयॉर्क, काळ्या वस्तीचं हार्लेम. १२५वा रस्ता. अपोलो थिएटरची उभी पाटी.]

हे अपोलो थिएटर. २१ नोव्हेंबर १९३४ला इथे हौशी कलाकारांची स्पर्धा होती. सतरा वर्षांची एला नाचायचं ठरवून आली होती. तिच्या आधी एडवर्ड्स सिस्टर्स रंगमंचावर गेल्या आणि त्यांचा तयारीचा नाच पाहून आपला निभाव लागणार नाही हे तिने ओळखलं. नाव पुकारलं गेलं. समोर गर्दी, आणि अपोलोची गर्दी म्हणजे आवडलं नाही तर कलाकाराला हुसकावून लावणारी. तिने नाचायचा बेत सोडला आणि गायली. कॉनी बॉसवेल ही तिची लाडकी गायिका. तिच्याच ढंगात गायली आणि पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली होती. मधल्या काळात मुलींच्या सुधारगृहात राहून झालं होतं, उघड्यावर दिवस काढून झाले होते. अंगावर धड कपडे नव्हते. चिक वेब या ड्रमरने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं ते १९३५ साली. पाठीच्या कण्याच्या आजाराने उंची खुंटलेला हा माणूस ड्रमवर बसला की भल्याभल्यांना भारी पडायचा. १९३८मध्ये एका बालगीतावरून केलेलं ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ देशभर गाजलं. पुढच्याच वर्षी वेब वारला आणि बावीस वर्षांची एला त्या बँडची म्होरकी झाली.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. मायक्रोफोनसमोर एला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर घाम.]

१९४०च्या दशकात बेबॉप हा जॅझचा वेगवान, गुंतागुंतीचा प्रकार आला. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या सोबतीत राहून एलाने ते आपल्या गळ्यात बसवलं. अर्थ नसलेले बोल घेऊन, ट्रम्पेटच्या चपळाईने, ती एका गाण्यावर कितीतरी फेरे घ्यायची. याला स्कॅट म्हणतात, आणि त्यात तिला तोड नव्हती. पण याच टप्प्यावर ती अडकली. आपण नुसतं बेबॉपच गात राहिलो आहोत आणि गायला जागा उरलेली नाही, असं तिला वाटू लागलं होतं, हे पुढे तिनेच सांगितलं आहे.

इथे नॉर्मन ग्रँझ येतो. जॅझच्या मैफली मोठ्या सभागृहांत भरवणारा, आणि काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना वेगवेगळं बसवणार असाल तर कार्यक्रम होणार नाही, असं आयोजकांना करारातच बजावणारा. त्याची किंमत त्याने मोजली, त्याच्या कलाकारांनीही मोजली. ऑक्टोबर १९५५मध्ये ह्यूस्टनला कार्यक्रम चालू असताना पोलीस मागच्या खोलीत घुसले आणि जुगाराच्या आरोपाखाली एला, गिलेस्पी, इलिनॉय जॅकेट आणि खुद्द ग्रँझ यांना चौकीवर घेऊन गेले. ध्वनिमुद्रणाच्या चारच महिने आधीची ही गोष्ट. ही गाणी ऐकताना ती माझ्या मनातून जात नाही.

एला तेव्हा डेक्का कंपनीच्या करारात होती. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या जीवनपटाच्या संगीताची तबकडी डेक्काला काढायची होती, आणि त्यात वाजवणारे काही वादक ग्रँझच्या करारातले होते. ग्रँझ म्हणाला, माझे वादक हवेत तर एलाला मोकळं करा. डेक्काने केलं. मग ग्रँझने व्हर्व्ह काढली आणि एलासमोर पोर्टरची गाणी ठेवली.

[दृश्य : पियानो. कळींवरून सरकणारा कॅमेरा. स्टँडवर छापील स्वरलिपी.]

आता या गाण्यांच्या धन्याकडे वळू.

कोल पोर्टर १८९१चा. इंडियाना राज्यातल्या पेरू या गावचा, घरचा गडगंज, येल विद्यापीठात शिकलेला, पॅरिस आणि व्हेनिसमध्ये मेजवान्या झोडलेला. त्याच्या काळचे बहुतेक गाणी रचणारे जोडीने काम करत, म्हणजे एक शब्द लिही आणि दुसरा चाल बांधी. पोर्टरला दुसरा लागला नाही. त्यामुळे त्याच्या गाण्यात शब्द आणि स्वर एकाच हाताने शिवल्यासारखे दिसतात. ‘नाइट अँड डे’ची सुरुवात पाहा. ढोलाचे ठोके, घड्याळाची टिकटिक, पावसाची टपटप असं वर्णन आहे, आणि तेवढा वेळ चाल एकाच स्वरावर ठाण मांडून बसते. ‘बिगिन द बिगीन’ तर १०८ मात्राखंडांचं गाणं. त्या काळचं साधारण गाणं ३२मध्ये आटपायचं.

१९३७ साली घोडा अंगावर पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ‘किस मी, केट’ हे संगीत नाटक त्यानंतरचं आहे, ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ हे गाणं त्यानंतरचं आहे. गाण्यांत या वेदनेचा मागमूस लागू न देणं हा त्याचा स्वभाव होता.

[दृश्य : पुन्हा तबकडी, अगदी जवळून. खाचांवरून सरकणारी सुई.]

हॉलिवूडमध्ये फेब्रुवारी आणि मार्च १९५६च्या मोजक्या दिवसांत हे मुद्रण उरकलं. वाद्यवृंदाची मांडणी केली बडी ब्रेगमनने, वय पंचवीस. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर बार्नी केसल, ट्रम्पेटवर हॅरी एडिसन. स्पष्टच सांगायचं तर ब्रेगमनचा वाद्यवृंद काही गाण्यांत गरजेपेक्षा जास्त चकचकीत झाला आहे. पितळी वाद्यं पुढे येतात आणि गळ्याला जागा सोडत नाहीत. पण एला त्यांच्याशी झटापट करत नाही.

आणि इथेच या तबकडीचं मर्म आहे. स्कॅटमध्ये जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, तिने ती सगळी आतषबाजी इथे बाजूला ठेवली. चाल जशी बांधली तशी, शब्द जसा लिहिला तसा. ऐकताना शब्दाच्या शेवटचा ‘ट’ आणि ‘ड’सुद्धा पुरा ऐकू येतो. कुठे श्वास घ्यायचा हे ओळ ठरवते, गाणारी ठरवत नाही. हे साधं वाटतं. रियाजाला बसून करून पाहावं, म्हणजे त्यातली मेहनत कळते.

त्या काळच्या गायकांची एक सवय होती. मुखड्याच्या आधी जो प्रस्तावनेचा भाग असतो, ज्याला तिथे व्हर्स म्हणतात, तो सरळ गाळायचा. एलाने त्यांतले कित्येक परत आणले. ‘आय गेट अ किक आउट ऑफ यू’ घ्या. व्हर्समध्ये बाई सांगते की तिला आता कशाचंच काही वाटेनासं झालं आहे. एला हा भाग जवळजवळ बोलल्यासारखा, तालाच्या बाहेर राहून गाते, आणि मग मुखड्यावर ताल धरते. आता शॅम्पेनने आपल्याला काही होत नाही असं जेव्हा ती म्हणते, तेव्हा कोण बोलतंय आणि का बोलतंय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. व्हर्स गाळला की नुसती एक चतुर यादी उरते.

[दृश्य : फक्त पियानो वाजवणारे हात.]

‘मिस ओटिस रिग्रेट्स’मध्ये वाद्यवृंद नाहीच. एकटा पियानो. एक नोकर अदबीने निरोप सांगतोय, मिस ओटिसना आज जेवायला येता येणार नाही, क्षमस्व. मग हळूहळू कळतं : प्रियकराने फसवलं, तिने त्याला गोळी घातली, जमावाने तिला तुरुंगातून ओढून झाडाला टांगलं. पोर्टरने १९३४मध्ये हे उच्चभ्रूंच्या मेजवानीतला काळा विनोद म्हणून रचलं. १९५६मध्ये एक काळी अमेरिकन स्त्री ते गाते, आवाज एकदाही न चढवता, तोच निरोप्याचा शिष्टाचार शेवटपर्यंत सांभाळत, आणि ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

‘लव्ह फॉर सेल’चीही गोष्ट सांगायला हवी. १९३०च्या नाटकात हे वेश्येचं गाणं एका गोऱ्या नटीच्या तोंडी होतं आणि त्यावर गहजब झाला. उपाय काय काढला? प्रसंग हार्लेममधल्या कॉटन क्लब या नाइटक्लबसमोर नेला आणि गाणं एलिझाबेथ वेल्च या काळ्या गायिकेला दिलं. आक्षेप विरले. रेडिओवर मात्र त्याचे शब्द लागेनात. एला ते गाते तेव्हा कुठलाही नखरा करत नाही. काही समीक्षकांना इथे ती फार निरागस वाटली, पोर्टरचा चावटपणा तिला पेलला नाही असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. तिने त्या बाईला तमाशा होऊ दिलं नाही.

‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’मध्ये एक जागा आहे. शब्द म्हणतात की बदल किती विचित्र, मेजरवरून मायनरवर. आणि नेमका तिथेच स्वरसंघातला एक स्वर शुद्धाचा कोमल होतो. इतर गायक या जागेवर बोट दाखवतात, थांबतात, आळवतात. एला तिथून तशीच पुढे जाते. पोर्टरने काम करून ठेवलंय, त्यावर आपण सही करायची गरज नाही, हा तिचा विश्वास.

[दृश्य : पार्क अव्हेन्यू. वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलचे जुळे मनोरे.]

ग्रँझने तयार झालेली गाणी इथे, पोर्टरच्या राहत्या जागी नेऊन त्याला ऐकवली. ऐकून झाल्यावर पोर्टर म्हणाला, या मुलीचे उच्चार काय सुंदर आहेत. बस्स, एवढंच. पुष्कळांना ही दाद तोकडी वाटते. स्वतःचे शब्द स्वतः लिहिणाऱ्या माणसाकडून याहून मोठी दाद कोणती मिळणार?

[दृश्य : मांडलेल्या तबकड्यांची वेष्टनं, एकामागून एक.]

तबकडी धडाक्याने खपली आणि ग्रँझने एकेका रचनाकाराच्या गाण्यांची मालिकाच काढली : रॉजर्स आणि हार्ट, एलिंग्टन, बर्लिन, गर्शविन, आर्लेन, कर्न आणि १९६४ला शेवटचा जॉनी मर्सर. १९५८ला पोर्टरचा पाय कापावा लागला, त्यानंतर त्याने गाणं लिहिलं नाही. १९६४मध्ये तो गेला. एला १९९६पर्यंत होती. २००३ला अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात या तबकडीची नोंद झाली.

[दृश्य : चौथी बाजू. सुई शेवटच्या गाण्यावर.]

बत्तिसावं गाणं आहे ‘डोंट फेन्स मी इन’. गुराख्याचं गाणं, मोकळ्या माळरानाचं. पोर्टरच्या सगळ्या शहरी गाण्यांत हे उपरं वाटतं आणि त्याला कारण आहे. मोंटानातल्या बॉब फ्लेचर नावाच्या माणसाने लिहिलेली कविता पोर्टरने विकत घेतली होती आणि तिच्यावरून हे गाणं बेतलं. म्हणजे शेवटी गाण्यातले सगळे शब्द पोर्टरचे नाहीत. एला त्यांनाही तितक्याच काळजीने उच्चारते. ते आता पूर्ण ऐकू या.