गॅस संपत नसतो

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या लहानपणी बेळगावात पंखासुद्धा चैनीत मोडायचा. एप्रिलमध्ये चार दिवस उकडायचं, मग दुपारी आभाळ भरून यायचं, वळीव कोसळायचा आणि रात्री अंगावर चादर ओढावी लागायची. अथणी, चिक्कोडीकडचं ऊन तेव्हाही कडकच होतं, पण बेळगाव म्हणजे थंड हवेचं गाव. आज शहापूर, टिळकवाडी, अनगोळ कुठंही फिरा, भिंतींवर एसीचे बाहेरचे डबे दिसतात. एसी घेताना आपण चार दुकानं हिंडतो, हजार-पाचशेसाठी घासाघीस करतो. तो बिघडल्यावर मात्र मेस्त्री सांगेल ती रक्कम देऊन मोकळे होतो. मीही तेच केलं होतं, म्हणून आज बोलायला बसले आहे.

सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आम्ही दीड टनाचा एसी घेतला. उन्हाळ्यात त्यांच्या पाठीला फोड यायचे, ते बघवत नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात खोली गार होईना. एक मेकॅनिक आला, नळीला मीटर लावला, म्हणाला, "गॅस संपलाय." ३,००० रुपये दिले. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. त्या वेळी ३,२०० गेले. तिसऱ्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी आला, खानापूरकडचा, आता हेच काम करतो. मी म्हटलं, "अरे, गॅस भरून दे की रे." तो म्हणाला, "बाई, गॅस संपत नसतोय ओ. गेला असंल तर कुठनं गेला ते बघाय पायजे आधी."

श्रोतेहो, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी हा प्रश्न मला पडला नव्हता. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो. आतल्या डब्यात त्याची वाफ होते आणि ती खोलीतली उष्णता शोषून घेते. बाहेरच्या डब्यात कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्याचं पुन्हा द्रव होतं आणि ती उष्णता बाहेर टाकली जाते. त्यात खर्च होण्यासारखं काही नाही. घरातला फ्रिज बघा. पंधरा पंधरा वर्षं त्याच गॅसवर चालतो. फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरायला कुणाला बोलावतो का आपण?

त्या मुलानं साबणाचा फेस केला आणि बाहेरच्या डब्याला तांब्याची नळी जिथं नटानं जोडतात तिथं लावला. हळूहळू बुडबुडे येऊ लागले. नटाभोवती तेलाचा काळपट ओलावाही होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल बाहेर येतं, त्याची ती खूण. नळीचं टोक बसवतानाच नीट पसरलेलं नव्हतं. त्यानं ते कापून नव्यानं केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिलं, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या केल्या आणि वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून गॅस भरला. अडीच तास लागले. ४,००० रुपये झाले आणि मी एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. आधीचे ६,२०० रुपये हवेत गेले होते, अगदी शब्दशः.

तेव्हा 'गॅस कमी आहे' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, गळती कुठं आहे? ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. गळती शोधण्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, तीच खरी मजुरी आहे. दाब तपासायला नायट्रोजनच वापरतात ना, हे मात्र डोळ्यांनी बघा. वेल्डिंगसाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ असतो म्हणून काही जण तोच नळीत सोडतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो, माणसं दगावतात. व्हॅक्यूमचा पंपही टाळू देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेतला ओलावा नळीत राहिला तर तेलाबरोबर आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. अर्धा तास वाचवायला जाऊन सगळ्यात महागडा भाग जातो.

बाहेरच्या डब्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. जुन्या एसीत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, आता बहुतेक नव्यांत आर-३२. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-२२ ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर तो बंद होत चालला आहे, त्यामुळे पुढे तो मिळणं अवघडच होत जाणार. आर-३२ थोडा पेट घेणारा आहे, म्हणून त्याचं काम चालू असताना खोलीत देवापुढची समईसुद्धा नको. त्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मेस्त्रीला फोन करताना उपयोगी पडतो.

दरवेळी दोष गळतीचाच असतो असंही नाही. जाळी धुळीनं भरली तरी हवा कमी येते, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि गॅस कमी झाल्यासारखंच वाटतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. कारखान्याजवळच्या गावांत दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडते, ती सगळ्यांनी पाहिली आहे. तीच राख बाहेरच्या डब्याच्या पत्र्यांत बसते आणि नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. आतली जाळी घरच्या घरी नळाखाली धुता येते. बाहेरचा डबा वर्षातून एकदा धुऊन घ्या, फेब्रुवारीत, मार्चची गर्दी सुरू व्हायच्या आधी.

दुसरी महागात पडणारी गोष्ट कॉम्प्रेसरची. बाहेरचा डबा नुसता घुमतो, सुरू होत नाही, की लगेच 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून सांगतात. कॉम्प्रेसर म्हणजे १० हजारांच्या पुढची बात. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग, तपासायला सांगा. तो काही शे रुपयांत येतो आणि पुष्कळदा तोच गेलेला असतो. इन्व्हर्टर एसीत पीसीबी, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, जाते, तिला काही हजार लागतात. त्यामागे कधी आत शिरलेली पाल असते, कधी वळवाच्या पावसातली विजेची ये-जा. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की एसीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. बदललेला जुना भाग मात्र मागून घ्या, तो तुमचा आहे.

वर्षाचा करार, म्हणजे एएमसी, घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. बेळगाव शहरात तीन महिने चालणाऱ्या एसीला मला तरी त्याची गरज वाटत नाही. अथणीत, रायबागमध्ये दिवसरात्र चालत असेल तर विचार करा, पण गॅस आणि पीसीबी त्यात धरलेत का ते वाचूनच. कॉम्प्रेसरच्या १० वर्षांच्या वॉरंटीतही बहुधा गॅस आणि मजुरी धरलेली नसते.

निपाणी भागातली बरीच मंडळी खरेदी कोल्हापुरात करतात. मग तक्रार करायची झाली तर तिकडं खेटे घालावे लागतील असं त्यांना वाटतं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र हातात बिल हवं, आणि त्यावर कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणता भाग, मजुरी किती, हे लिहून घेतलेलं हवं.

आता घर बांधणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. बाहेरचा डबा कुठं बसणार ते आधी ठरवा आणि तिथं माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. तिसऱ्या मजल्यावर नुसत्या भिंतीला टांगलेल्या डब्याजवळ पोचायला मेस्त्री दोन बोटांच्या छज्ज्यावर पाय ठेवतो. त्या उंचीचे पैसे तुम्ही प्रत्येक दुरुस्तीला देता आणि तो जीव धोक्यात घालतो. आमच्याकडचा डबा मी खाली गच्चीवर उतरवून घेतला. नळी लांबली, खर्च झाला. पण तो मुलगा आता येतो तेव्हा पाटावर बसून काम करतो.

नमस्कार.