तांब्याचं बूड आणि चित्रकलेच्या सरांचं मूल्यमापन

(दृश्य : तांबट आळी, हातोडी, तांब्याचा पत्रा)

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. हे मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवणं. हातोडीच्या ठोक्यांच्या रांगा भांड्याची गोलाई धरून फिरतात आणि वरून पाहिलं की प्रत्येक रांग लंबवर्तुळ दिसते. नजरेच्या पातळीजवळची रांग चपटी, बुडाकडची जास्त फुगीर. कोपऱ्यात वही घेऊन बसलेले चित्रकलेचे सर नेमकं तेवढंच टिपतायत. वरवर हौस वाटेल, पण त्यांच्या वर्षाच्या मूल्यमापनात हे रेखाटन धरलं जाणार आहे.

एरवी कलाशिक्षकाला जोखायची पट्टी ठरलेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना किती मुलं बसली, ‘ए’ ग्रेड किती आल्या, स्नेहसंमेलनाचा पडदा कसा झाला, फलकलेखन कसं आहे. आता फलकावरचं अक्षर तर सरांचंच, त्यावरून मुलं काय शिकली हे कसं कळणार! राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं, तोही स्वतःच्या आवडीने. म्हणजे काय शिकायचं हे शिक्षकानेच आधी ठरवायला हवं. आळीतलं रेखाटन मूल्यमापनात येतं ते असं.

(दृश्य : वर्गाच्या फरशीवर पसरलेली चित्रं)

जूनमध्ये आठवीच्या वर्गात स्टुलावर तांब्या ठेवला. वेळ २० मिनिटं, सूचना एकही नाही. ही त्या दिवसाची चित्रं. तोंडाच्या दोन्ही टोकांना कोपरे आलेत आणि बूड सरळ रेघेवर टेकलंय. तांब्या सपाट बसतो हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून दिसतं ते सोडून ठाऊक असलेलं कागदावर येतं. शेजारी गेल्या वर्षीचे कागद आहेत. त्यातल्या बऱ्याच कागदांवर मुलाच्या चाचपडत्या रेघांमध्ये एकच सफाईदार रेघ आहे. ती सरांची.

ध्येय इथून निघालं. पहिला मसुदा होता ‘विद्यार्थ्यांची सर्जनशीलता वाढवणे’. तो मुख्याध्यापिकाबाईंनी परत दिला, कारण ते वाढलं की नाही हे फेब्रुवारीत पाहणार कशावरून? दुसरा मसुदा असा : ‘मुलांच्या कागदावर माझी पेन्सिल न चालवता, तांब्याचं तोंड आणि बूड नजरेच्या पातळीनुसार काढायला शिकवणं.’ यात मुलांनी काय शिकायचं ते आहे आणि सरांनी कोणती सवय मोडायची तेही. असं ध्येय वर्षाला एकच पुरे. तीन घेतली की तिन्ही फाइलीतच राहतात.

(दृश्य : तारेचं कडं, मुलं)

तारेचं कडं डोळ्यासमोर आडवं धरलं की नुसती रेघ. हळूहळू खाली न्या, ते उघडत जातं. प्रत्येक मूल स्वतः धरून बघतं, मगच पेन्सिल उचलतं. सरांचे हात पाठीमागे आहेत, लक्षात आलं असेल. दाखवायचंच झालं तर ते वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवतात.

पुराव्याच्या बाबतीत घोळ होतो तो बहुतेक इथे. दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत पुन्हा तोच तांब्या, त्याच उंचीचं स्टूल, त्याच मापाचा कागद, तीच २० मिनिटं. मूल बसायचंही जूनमधल्याच जागी, कारण जागा बदलली की लंबवर्तुळ बदलतं आणि तुलना फुकट जाते. म्हणून कागदाच्या मागे तारीख आणि बाकाचा क्रमांक. फाइलमध्ये निवडक सुंदर चित्रं लावायची नाहीत. हजेरीतला दर पाचवा क्रमांक घ्यायचा, कोपरे तसेच राहिलेला कागद आला तरी.

मुख्याध्यापिकाबाई चित्रकलेच्या नाहीत, आणि त्याने अडत नाही. त्या तीन गोष्टी विचारतात : शिकवण्यात काय बदललंत, का, आणि ते कुठल्या कागदावर दिसतं? रेषेबद्दलचं मत दुसऱ्या शाळेतले कलाशिक्षक देतात, मुलांची नावं झाकून.

ध्येय अपुरं राहिलं म्हणून गुण कापायचे नाहीत. कापले, तर पुढच्या जूनमध्ये प्रत्येक जण आधीच जमणारं ध्येय लिहून देईल.