बिल्डरच्या आधी पुरातत्ववाले: आयर्लंडमधले जळक्या दगडांचे ढिगारे

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, आयर्लंडला. तिकडे नवीन हायवे किंवा घरांची कॉलनी व्हायची असली की पायाचं काम सुरू व्हायच्या आधी बरेचदा पुरातत्ववाले त्या शेतात उतरतात, आणि त्यांच्या हाताला सारखं काय लागतं माहितीये? भाजून फुटलेले दगड, काळीकुट्ट माती आणि शेजारी एक खड्डा. तिकडे याला फुलाख्त फिया म्हणतात. अशा 7000 च्या वर जागांची नोंद आहे, सगळ्यात जास्त दक्षिणेकडच्या कॉर्क काउंटीत, आणि बहुतेक सगळ्या ब्राँझ युगातल्या, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनपूर्व 2500 ते 500 मधल्या.

आता हे चालायचं कसं ते बघा. जागा निवडायची ओढ्याकाठी नाहीतर पाणथळ, म्हणजे खड्डा खणला की पाणी आपोआप झिरपून भरतं. खड्ड्याला आतून ओकच्या फळ्या लावायच्या. बाजूला जाळ करून दगड लालबुंद तापवायचे आणि एकेक करून पाण्यात सोडायचे, की पाणी उकळायला लागतं. भांडं चुलीवर ठेवायची गरजच नाही. पण तापलेला दगड पाण्यात पडला की तडकतो, दोनचार वेळा वापरला की त्याचे तुकडे होतात, मग ते तुकडे उपसून खड्ड्याच्या कडेला फेकायचे. वर्षानुवर्षं असं फेकत राहिलं की खड्ड्याभोवती घोड्याच्या नालेसारखा ढिगारा तयार होतो, आणि आज आपल्याला सापडतो तो हाच. दगडसुद्धा बघून घ्यायचे बरं का, वालुकाश्म असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येतो, चुनखडीचा घेतला तर त्याचा चुना होऊन पाण्याची वाट लागते.

1950 च्या दशकात मायकेल ओ'केली या पुरातत्वज्ञाने कॉर्कमधल्या बॅलीवूर्नी इथे हे सगळं खरंच करून बघितलं. साधारण 450 लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं. मग त्यांनी साडेचार किलोची मटणाची तंगडी गवतात गुंडाळून आत सोडली, अधूनमधून एखादा गरम दगड टाकत राहिले आणि 3 तास 40 मिनिटांनी मटण मस्त शिजलेलं होतं!

पण म्हणून हे स्वयंपाकघरच होतं असं ठरत नाही. कारण बहुतेक ठिकाणी हाडंच मिळत नाहीत. काहीजण म्हणतात तिथली माती आम्लधर्मी आहे, हाडं विरघळून गेली, पण जिथे हाडं टिकायला हवी होती तिथेही ती फारशी दिसत नाहीत. मग कोणी म्हणतं आंघोळीचं गरम पाणी, कोणी म्हणतं लोकर रंगवायची जागा, कोणी कातडं कमवायची, आणि 2007 मध्ये गॉलवेतल्या दोन पुरातत्ववाल्यांनी तर याच पद्धतीने बिअर बनवून दाखवली. मला वाटतं एकच उत्तर शोधण्यातच गल्लत होतेय. गरम पाणी लागत नाही असं कुठलं काम आहे घरात?

बरं, हे सापडतं कसं, तर आधी चाचणीचे चर मारतात. मशीन तीच असते, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, पण बकेट बिनदाताची, सपाट, म्हणजे माती ओरबाडली जात नाही, पापुद्र्यासारखी निघते, आणि बकेटच्या शेजारी एक माणूस सतत डोळ्यात तेल घालून उभा. पिवळट मातीत काळा गोल डाग दिसला की मशीन बंद. मग तो माणूस गुडघ्यावर बसतो आणि थापीने डागाचा अर्धाच भाग उकरतो. अर्धाच का, तर उरलेल्या अर्ध्याची उभी भिंत दिसायला हवी. त्या भिंतीत खड्ड्याचा अख्खा इतिहास असतो, तळाला बारीक गाळ म्हणजे खड्डा काही दिवस उघडा पडलेला, त्यावर कोळसा आणि दगड म्हणजे कोणीतरी एका दमात भरून टाकलेला. ती भिंत मोजून कागदावर काढायची, फोटो घ्यायचे आणि मगच उरलेला अर्धा उचलायचा, आणि काळी माती टाकून न देता पिशव्यांत भरून लॅबला पाठवायची. तिथे ती पाण्यात कालवतात, कोळसा आणि जळके दाणे वर तरंगतात, ते चाळणीत धरतात.

कार्बन डेटिंगला कुठलाही कोळसा उचलून चालत नाही. ओकच्या खोडाचा गाभा झाड तोडलं तेव्हाच कधीकधी शे-दोनशे वर्षं जुना असतो, म्हणजे तारीख तेवढी मागे जाणार. म्हणून हेझल नावाच्या झुडपाची बारीक काडी शोधतात, जी दोनचार वर्षांचीच असते. अख्ख्या साइटचं वय करंगळीएवढ्या काडीवर ठरतं!

आता पैसे कोण देतं? जो बांधतो तो. पुरातत्व वारसा जपण्यासाठी झालेल्या 1992 च्या व्हॅलेटा कराराने युरोपात ही दिशा पक्की केली, आयर्लंडने तो 1997 मध्ये स्वीकारला, आणि तिथे 1930 च्या कायद्यापासून परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही ते वेगळंच. मग 2000 नंतर हायवेंची कामं जोरात निघाली आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांत चर पडले. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की हायवेची रेघ पुरातत्ववाल्यांनी आखलेली नव्हती. संशोधक स्वतः जागा निवडतो तेव्हा थडगी, गढ्या, मंदिरं निवडतो. रस्ता मात्र जाईल तिथून जातो, साध्या माणसांच्या साध्या कामाच्या जागांवरून, आणि म्हणून त्या माणसांचं रोजचं आयुष्य पहिल्यांदा एवढ्या प्रमाणात कागदावर आलं.

पण याची किंमत आहे. खणलं की साइट संपते. उरतात ती रेखाटनं, फोटो आणि पिशव्या, त्यामुळे नोंद घाईत केली, रिपोर्ट कपाटात पडून राहिला तर ती जागा कायमची गेली. आणि सगळंच खणून मोकळं व्हावं असंही नाही, शक्य असेल तर रस्ता वळवावा. 2007 मध्ये एम 3 हायवेच्या कामात लिसमलिन इथे लोहयुगातलं 80 मीटर व्यासाचं गोल आवार निघालं, आयर्लंडच्या प्राचीन राजांची जागा मानल्या जाणाऱ्या तारा नावाच्या टेकडीजवळ, केवढा वाद झाला, तरी उत्खनन करून रस्ता त्याच्यावरूनच गेला. मला ते अजूनही पटत नाही.

आपल्याकडे? कर्नाटकात रायचूर, बेल्लारीकडे नवाश्मयुगातले राखेचे टेकाड आहेत, जळालेल्या शेणाचे. तो प्रकार वेगळा, आयर्लंडशी संबंध नाही, पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी बुदिहाळला उत्खनन करून दाखवलं की राखेच्या शेजारीच वस्ती होती, गुरं होती. अशा टेकाडांची राख लोकांनी शेतात खत म्हणून गाड्या भरभरून नेली. आपल्या गावोगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांची मातीही अशीच गेली, घरांवर टाकायला नाहीतर शेतात. कायदा आहे, पण तो घोषित स्मारकापुरता, त्याच्या 100 मीटरच्या आत बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरवर परवानगी लागते. यादीत नसलेल्या टेकाडावर प्लॉटिंग झालं तर आधी चर मारून बघा असं सांगणारं सहसा कोणी नसतं, आणि हे बदलायलाच हवं.

तोवर तुमच्या प्लॉटवर, विहिरीवर खोदताना राखेचा थर, खापरं, हाडं दिसली तर मशीन थांबवा. काही उचलू नका, कारण वस्तू कुठल्या थरात होती हेच तर कळायला हवं असतं. शेजारी पट्टी नाहीतर फावडं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि तहसीलदारांना किंवा राज्याच्या पुरातत्व खात्याला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. नाणी, दागिने निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांच्या वर किमतीचं असेल ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.