काठीवाला माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

हा आवाज आला का? टक्... टक्. स्टुडिओच्या फरशीवर मी माझी पांढरी काठी टेकवली. ॲल्युमिनियमचे चार तुकडे, आतून इलॅस्टिकची दोरी. घडी घातली की शबनममध्ये मावते. मला दिसत नाही, पण ही हातात असली की बसस्टॉपपर्यंत कुणाचा हात धरावा लागत नाही.

अशी काठी घेऊन चालणारा माणूस तुमच्या मोबाइलच्या इमोजींतही आहे. तो २०१९ साली आला. आदल्या वर्षी ॲपल कंपनीने अमेरिकेतल्या अंधांच्या, कर्णबधिरांच्या आणि सेरेब्रल पाल्सीसाठी काम करणाऱ्या संस्थांशी बोलून तसा प्रस्ताव युनिकोडकडे, म्हणजे नवे इमोजी मंजूर करणाऱ्या संस्थेकडे, दिला होता.

तोवर आमच्या वाट्याला एकच चित्र होतं, निळ्या चौकोनातली पांढरी व्हीलचेअर. ती खूण १९६८ मध्ये एका डॅनिश विद्यार्थिनीने काढली, तेव्हा तीत नुसती खुर्चीच होती. माणसाचं डोकं नंतर बसवलं! खूण कामाची आहे. रॅम्प कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे ती सांगते. पण ती जागेची पाटी झाली. ‘मी निघालो’ हे पाटीने कसं सांगायचं?

नव्या चित्रांत माणसं आली. हाताने चाकं फिरवणारा वेगळा, बॅटरीच्या खुर्चीतला वेगळा, कारण दोघांचा दिवस वेगळा. एकाचे खांदे भरून येतात, दुसऱ्याला चार्जिंगचा घोर. कृत्रिम हात-पाय आले, कानाचं मशीन आलं. आणि कानाजवळ बोट टेकवलेला माणूस आला. माझ्या पुतणीला वाटलं, हा कसला तरी विचार करतोय. तर तसं नाही. अमेरिकी सांकेतिक भाषेत कर्णबधिर असल्याची ती खूण आहे.

ही चित्रं मुळात आम्हाला स्वतःविषयी बोलता यावं म्हणून आहेत. म्हणून एक गोष्ट मनाला फार लागते. मॅचमध्ये पंच चुकला की ग्रुपवर काठीवाला माणूस येतो. ‘आंधळा आहे का हा?’ अहो, पंचाच्या चुकीशी माझ्या काठीचा काय संबंध? या काठीने मी रोज रस्ता ओलांडतो. कृपा करून असं करू नका.

आणखी एक सांगतो. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो, इमोजीसुद्धा. वाढदिवसाला कुणी प्रत्येक शब्दामागे चित्र लावलं की ‘केक, फुगा, भेटवस्तू, हसरा चेहरा’ ऐकता ऐकता मूळ शुभेच्छा कुठल्या कुठे जातात. चित्रं जरूर पाठवा, पण एक-दोनच, आणि वाक्य संपल्यावर.

पुतणीनेच मला सांगितलं की काठीवाल्याचं तोंड डावीकडे असायचं. म्हणजे ‘निघालो’ लिहून तो पुढे ठेवला की स्वारी उलटी माझ्या शब्दाकडेच चालत यायची! २०२३ मध्ये उजवीकडे तोंड केलेलं चित्रही मंजूर झालं. व्हीलचेअरवाल्यांनाही तशी दिशा मिळाली. आता इथून बाहेर पडलो की घरी मेसेज करणार आहे, ‘निघालो’. आणि पुढे तो, उजवीकडे तोंड केलेला.

नमस्कार.