हिरव्याची वाट बघाल तर हराल: ड्रॅग रेसची स्टार्ट लाइन आणि रिॲक्शन टाइम

[शॉट: शिवाजी उद्यमनगरातलं गॅरेज. बाईक पॅडॉक स्टँडवर. मागे लेथचा आवाज.]

नमस्कार मंडळी! मागं लेथ चालू आहे, तो बंद होणार नाही, कोल्हापूरचं उद्यमनगर आहे हे. आवाज तेवढा सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोरं येतात, गाडी लावतात आणि पहिला प्रश्न ठरलेला. एक्झॉस्ट कुठला टाकू? रिमॅप केला तर किती बीएचपी वाढंल? म्हणजे खिशातले पैसे आधी बाहेर. आणि ड्रॅगची, म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी-शेजारी पळवायच्या त्या रेसची, वेळा छापलेली स्लिप हातात घेतली की त्यातला सगळ्यात वरचा आकडा कुणी वाचतच नाही. तो आकडा म्हणजे आरटी, रिॲक्शन टाइम: हिरवा लागल्यापासून गाडी लाइन सोडेपर्यंतचा वेळ. सगळे थेट खाली ईटीवर जातात, म्हणजे लाइन सोडल्यापासून शेवटापर्यंत लागलेल्या वेळेवर.

आता बघा.

[स्क्रीनवर: डावी लेन, आरटी ०.३५०, ईटी १३.५०. उजवी लेन, आरटी ०.१२०, ईटी १३.६०.]

गाडी कुठली जोरात? डावी. रेस कुणी जिंकली? उजवीनं. कारण ईटीचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. तुमचं पुढचं चाक लाइनवर आडव्या सोडलेल्या प्रकाशकिरणातून बाहेर पडतं तेव्हा ते सुरू होतं. हिरवा लागल्यावर दोन सेकंद झोप काढून निघालात तरी ईटी तितकाच छान येईल. समोरचा मात्र कधीच गेलेला असेल. दोन्ही आकड्यांची बेरीज करा: डावीची १३.८५०, उजवीची १३.७२०. फरक ०.१३ सेकंद. शेवटाला गाड्या ताशी १६० किलोमीटरनं जात असतील तर एवढ्या वेळात जवळजवळ सहा मीटर जातात. तीन बाईक एकामागं एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं. कमी ताकदीची गाडी अशी जिंकली की त्याला होलशॉट म्हणतात, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात गोड जीत तीच.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. हे सगळं रेसच्या पट्टीवर करायचं. इरुंगट्टुकोट्टैला, म्हणजे चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, ड्रॅगच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. कोल्हापुरात पट्टी नाही हे दुःख मलाही आहे. पण म्हणून रात्री बायपासला जाऊन कुणाच्या तरी आईला रडवायचं नाही. तसला व्हिडिओ पाठवलात तर मी उत्तर देणार नाही.

आता झाडाकडे येऊ. दिव्यांचा तो खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. अमेरिकेत १९६३ पासून तो वापरात आहे. त्याआधी मधे एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा. वरचे दोन दिवे म्हणजे प्री-स्टेज आणि स्टेज. तुमचं चाक कुठं आहे ते हे दोन सांगतात. प्रत्येकाचा एक किरण असतो, दोन्ही किरणांत साधारण ७ इंचांचं अंतर. त्याखाली तीन पिवळे, मग हिरवा, मग लाल. फुल ट्री असेल तर पिवळे एकेक करत अर्ध्या अर्ध्या सेकंदानं लागतात, आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदानं हिरवा. प्रो ट्री असेल तर तिन्ही पिवळे एकदम आणि ०.४ सेकंदानं हिरवा.

हिरवा लागला त्याच क्षणी चाक किरणातून सुटलं तर आरटी ०.०००. त्याआधी सुटलं तर लाल दिवा, म्हणजे रेस गेली. जुने अमेरिकन व्हिडिओ बघताना आरटी ०.५१२ वगैरे दिसेल, तेव्हा घाबरू नका. तेव्हा मोजणी शेवटच्या पिवळ्यापासून व्हायची, त्यामुळे फुल ट्रीवर ०.५०० म्हणजे अचूक. तो ०.५१२ आजच्या भाषेत ०.०१२ आहे. जबरदस्त.

आता दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल डोळ्यापुढं आणा. आकडा तीनवर आला की आपली माणसं गिअर टाकतात, एकवर क्लच सोडतात आणि शून्याला निम्मी गर्दी चौकाच्या मध्यात असते. सिग्नलला हे चूक आहे, मामा पावती फाडतात आणि बरोबर करतात. ड्रॅगच्या झाडावर नेमकं हेच करायचं असतं. हिरवा बघून निघणारा माणूस हरणारच. कारण?

[मांडी घालून फरशीवर. खडू, टॉर्च, बाईकचं पुढचं चाक.]

कॅमेरा जरा खाली घे रे. हां. हे १७ इंची चाक, टायर ११०/७०. पूर्ण टायरचा व्यास धरा ५८-५९ सेंटीमीटर. ही टॉर्च म्हणजे स्टेजचा किरण. जमिनीपासून ४ सेंटीमीटर उंचीवर धरलाय. चाक पुढं ढकलतो. टायरच्या पुढच्या कडेनं किरण इथं अडवला, इथं खडूची रेघ. अजून ढकलतो, ढकलतो... आणि आता मागच्या कडेनं सोडला. इथं दुसरी रेघ. मधलं अंतर बघा: जवळजवळ ३० सेंटीमीटर. फूटभर! म्हणजे तुम्ही क्लच सोडला तरी गाडी फूटभर सरकेपर्यंत यंत्राच्या लेखी तुम्ही निघालेलाच नाही. याला रोलआउट म्हणतात.

हा फूट पार करायला वेळ किती? गणित सोपं राहावं म्हणून समजा तुमची गाडी अर्ध्या जीनं सुटते, म्हणजे सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढतो. ३० सेंटीमीटरला ०.३५ सेकंद लागतात. त्यात तुमचे डोळे आणि हात मिळवा. दिवा दिसून बोट हलायला तरण्याताठ्या माणसालाही ०.२ सेकंदाच्या आसपास लागतातच. बेरीज ०.५५.

आता ही ०.५५ घेऊन झाडासमोर उभे राहा. हिरवा बघून निघालात तर आरटी ०.५५०. रेस गेली. फुल ट्रीवर शेवटचा पिवळा चमकला की निघालात, तर हिरवा मधे अर्ध्या सेकंदानं येतो, आरटी ०.०५०. त्याच गाडीचा, त्याच हातांचा! प्रो ट्रीवर पिवळा बघून निघालात तर ०.१५०. दिवसभर ट्रेनिंग करून रिफ्लेक्स वाढवा, शरीरातून सेकंदाचा शंभरावा भाग सुटता सुटत नाही. आणि नुसता दिवा बदलला की अर्धा सेकंद हातात.

आता स्टेजिंगची गंमत. वरचं गणित मी शॅलो स्टेजिंगचं केलं, म्हणजे स्टेजचा दिवा लागता क्षणी थांबायचं. काही जण अजून आत सरकतात, प्री-स्टेजचा दिवा विझेपर्यंत. हे डीप. समजा त्याहीपुढं थोडं गेलात आणि चाकाला १० सेंटीमीटरच उरले. त्याला ०.२० सेकंद लागतात. बेरीज ०.४०. प्रो ट्रीवर बरोब्बर ०.०००, आणि फुल ट्रीवर? लाल! उणे ०.१००. म्हणजे "डीप केलं की आरटी भारी येतो" हे जे कुणीतरी सांगतं, ते कुठल्या झाडावर आणि कुठल्या गाडीला हे विचारल्याशिवाय ऐकायचं नाही. शिवाय डीप केलं की ईटी वाढतो, कारण मोफत मिळणारी पळती सुरुवात गेली. गाडी संथ सुटणारी असेल तर डीपचा उपयोग, तिखट सुटणारी असेल तर शॅलो.

पण बहुतेकांचा घोटाळा याच्याही आधी आहे. त्यांचं चाक दर रेसला वेगळ्या जागी थांबतं. शॅलोपासून ५ सेंटीमीटर पुढं गेलात की आरटीतून ०.०३ कमी होतात. आपले ०.०५० होते, झाले ०.०२०. वा, काय लाँच झाला, म्हणून टाळ्या. पुढच्या रेसला १० सेंटीमीटर पुढं गेलात, ०.०६ कमी, झाला लाल. हात तेच, डोळे तेच. पोरगं म्हणतं आज नशीब फुटकं. अरे नशीब कसलं, चाक! म्हणून स्टेजमध्ये येताना ब्रेक धरून, क्लचच्या आधारानं, मुंगीच्या पावलानं यायचं. दिवा लागला, थांबलं. पाय जमिनीवर, पुढं-मागं झुलायचं नाही.

[उभं राहून हँडलजवळ. क्लच लीव्हरचा क्लोजअप.]

आता गाडीतला उशीर. हा लीव्हर बघा, सोडतोय... सोडतोय... अजून काही झालं नाही... आणि इथं गाडीनं पकडलं. आधीचा सगळा प्रवास म्हणजे वाया गेलेला वेळ. म्हणून लाइनवर लीव्हर पूर्ण दाबून ठेवायचा नाही. पकडण्याच्या बिंदूच्या जेमतेम आत आणून धरायचा. पुढचा ब्रेक लागलेला. चेन ताणलेली दिसते का बघा, हां, खालची बाजू आता ढिली आणि वरची ताठ. याचा अर्थ चेनमधला ढिलेपणा आधीच खाल्ला. नाहीतर सुटल्यावर आधी चेन ताठ होणार, मग चाक फिरणार.

केबलच्या फ्री प्लेचं, म्हणजे लीव्हरच्या सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीचं, एक सांगतो. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लीव्हरच्या टोकाला १० ते २० मिलीमीटर लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचं वाचा आणि त्याच मापात सेट करा. शून्य करू नका! शून्य केलं की क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो, आणि प्लेटा जळतात. मग परत आमच्याकडेच येता. आम्हाला काय, धंदा आहे.

आरपीएमचंही तसंच. जास्त आरपीएमवर सोडलं की पहिला फूट लवकर जातो, पण टायर फिरला किंवा पुढचं चाक उचललं की सगळं पाण्यात. एक आरपीएम ठरवा आणि दिवसभर तोच ठेवा. ऑटोमॅटिक कारवाल्यांनो, तुमचंही आहे: डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं थोडी रेस. पेडल दाबून निघण्यापेक्षा ब्रेक सोडून निघणं लवकर होतं.

शरीराबद्दल फार बोलणार नाही. धावण्याच्या शर्यतीत ०.१०० सेकंदाच्या आत निघालात तर फॉल्स धरतात. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या फायनलमधून डेव्हन ॲलनला ०.०९९ साठी बाहेर काढलं. ड्रॅगमध्ये ती भानगड नाही, अंदाजानं निघायला पूर्ण परवानगी आहे. म्हणूनच पोरं पहिल्या दोन पिवळ्यांच्या तालावर "एक, दोन, चल" असं मोजून निघतात. मला ते पटत नाही. ताल उत्साहात पळतो, आणि प्रो ट्रीवर तालच नसतो. वरचे दोन पिवळे हाताआड करा, हेल्मेट जरा वळवा, काही करा, पण शेवटचाच दिवा बघायची सवय लावा.

दुसरं, डोक्यात एकच काम ठेवा. पर्याय जितके जास्त तितका प्रतिसाद संथ, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच दाखवून ठेवलंय. लाइनवर उभं राहून "शेजारचा कसा निघतो बघू" हा दुसरा पर्याय झाला. त्यातून कान डोळ्यापेक्षा किंचित आधी प्रतिसाद देतो, म्हणजे शेजाऱ्यानं रेस मारली की तुमचं बोट आपोआप सुटतं. ब्रॅकेट रेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या जोडीनं पळवतात तिथं, तर संथ गाडीला हिरवा आधी मिळतो. तिचा दिवा बघून निघालेली जोरदार गाडी थेट लालमध्ये. इअरप्लग घाला आणि आपल्याच बाजूचे दिवे बघा.

आणि लाइनवर यायचा क्रम दरवेळी तोच ठेवा: व्हायझर, गिअर, श्वास, प्री-स्टेज, आरपीएम, स्टेज. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. नेमबाजांचा प्रत्येक गोळीआधीचा तो कंटाळवाणा क्रम कधीतरी नीट बघा.

सराव घरी होतो. मोबाइलवर प्रॅक्टिस ट्रीची ॲप आहेत, चालतील. पण त्यातला आकडा खरा मानू नका. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका फ्रेममागं जवळपास ०.०१७ सेकंदाची गडबड, वर टचचा उशीर वेगळा. सरासरी सोडा, आकडे किती पसरलेत ते बघा. ०.०८ ते ०.१२ मध्ये राहणारा माणूस मला ०.०१ ते ०.२० वाल्यापेक्षा केव्हाही चालेल, कारण पहिल्याचा आकडा मी चाक चार बोटं सरकवून शून्याजवळ आणू शकतो. दुसऱ्याचं काय सरकवू?

त्याहून चांगलं करायचं तर उद्यमनगरात या. तीन पिवळे एलईडी, एक हिरवा, एक छोटं सर्किट आणि गाडीच्या खऱ्या क्लच लीव्हरला बसवलेला मायक्रोस्विच. एलईडीच घ्या, जुना तारेचा बल्ब तापून उजळायला वेळ घेतो आणि सवय बिघडते. हेल्मेट, ग्लोव्ह घालूनच सराव करा. उघड्या हाताचा आकडा ग्लोव्हमध्ये येत नाही. आणि थोडाच करा. दहा-पंधरा वेळा नीट, मग उठा. कंटाळलेल्या हाताला सराव दिला तर हात कंटाळाच शिकतो.

रेसच्या दिवशी झोप झालेली हवी, पाणी प्यायलेलं हवं. तांबडा-पांढरा हाणून लाइनवर यायचं नाही, तो रात्री.

तिथं स्लिप मिळाली की पेनानं त्यावर लिहा: शॅलो की डीप, आरपीएम किती, पुढच्या टायरात हवा किती. हवा कमी झाली की टायर बसतो आणि रोलआउट बदलतो, म्हणून तीही. मग सलग तीन-चार स्लिपा समोर ठेवा. सगळे आरटी ०.१५ च्या आसपास येत असतील तर हाताला हात लावू नका, आधी चाक थोडं आत घ्या किंवा आरपीएम वाढवा, एका वेळी एकच गोष्ट. एक ०.०४, एक ०.२२, एक लाल असं येत असेल तर गाडीला हात लावू नका, स्टेजिंगकडे बघा. आणि शून्याला चिकटायचा हट्ट धरू नका. ०.०३०-०.०४० वर निशाणा ठेवा, थोडी चूक झाली तरी हिरव्यातच राहाल.

तुमच्या स्लिपांचे फोटो खाली टाका, गाडी कुठली आणि झाड कुठलं ते लिहून. लाल असलेल्या पण टाका, लाजू नका. पुढच्या भागात त्याच स्लिपांवरचा पहिल्या ६० फुटांच्या वेळेचा आकडा घेऊ.